दुकानातला पडदा खरे बोलतो का?
मॉनिटर कसा चालतो, चित्र कशाने बिघडते आणि घेताना काय पाहावे

आपल्या धंद्यातील कितीतरी सौदे आता माल समोर न ठेवता पडद्यावर ठरतात. लग्नपत्रिकेचे डिझाइन गिऱ्हाईक प्रेसमधल्या मॉनिटरवर पसंत करते. मालेगाव-भिवंडीकडे कापडाची डिझाइन संगणकावर जुळवली जाते. भरतकामाच्या मशीनचे नक्षीकाम आधी पडद्यावर उमटते आणि मग कापडावर. फ्लेक्स, स्टिकर, मिठाईचे खोके, फोटो, फर्निचरचे नकाशे या सगळ्यांचा रंग आणि रेषा आपण पडद्यावर बघूनच "ठीक आहे" म्हणतो.

म्हणजे मॉनिटर हा आता आपल्या दुकानातला एक तराजूच झाला आहे. तराजूचा काटा बिघडलेला असेल तर दुकानदाराची नियत कितीही साफ असो, माप चुकते आणि बदनामी पदरी पडते. पडद्याचेही तसेच आहे. गिऱ्हाइकाला पडद्यावर पोपटी हिरवा दिसला आणि छापून शेवाळी हिरवा आला, तर हजार पत्रिकांचा कागद, शाई आणि मजुरी कोणाच्या अंगावर पडणार? हा वाद रोजचा आहे. त्याचे मूळ बहुतेक वेळा कारागिराच्या हातात नसते, पडद्यात असते. म्हणून या लेखात आम्ही मॉनिटरचे काम कसे चालते, त्याचे चित्र कशाकशाने चांगले-वाईट होते, आणि घेताना व वापरताना काय काळजी घ्यावी, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी सोप्या भाषेत मांडत आहोत.

प्रकाश आणि रंग: आधी एवढे समजून घ्या

सुमारे हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे काहिरा येथे काम केलेल्या इब्न अल-हैसम या विद्वानाने 'किताब अल-मनाजिर' या ग्रंथात दाखवून दिले की, आपण पाहतो ते डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून नव्हे, तर वस्तूकडून आलेला प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून. मॉनिटरचा सगळा खेळ या एका गोष्टीवर उभा आहे. डोळ्यापर्यंत कोणता प्रकाश किती पोहोचतो, तोच रंग आपल्याला दिसतो.

कागद किंवा कापड स्वतः प्रकाश देत नाही. त्याच्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग शाई किंवा रंग शोषून घेतो आणि उरलेला परत पाठवतो. पडदा मात्र स्वतःच प्रकाश टाकतो. त्याच्याजवळ फक्त तीन रंगांचा प्रकाश असतो: लाल, हिरवा आणि निळा. लाल आणि हिरवा प्रकाश सारख्या जोराने एकत्र आले की डोळ्याला पिवळा दिसतो. तिन्ही पुरेपूर आले की पांढरा. तिन्ही बंद झाले की काळा. छपाईत याच्या उलट चालते. तेथे आकाशी, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शायांवर काम चालते आणि शाईवर शाई चढेल तसा रंग गडद होत जातो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पडद्याचे रंग आणि शाईचे रंग यांचा मुलूख वेगवेगळा आहे. पडद्यावरचा झगझगीत हिरवा आणि गडद निळा चार रंगांच्या छपाईत तसाच्या तसा उतरतच नाही. उलट छपाईतली शुद्ध आकाशी शाई साध्या मॉनिटरवर तेवढी खुलत नाही. आपल्याकडे लग्नपत्रिका, जलशाचे फलक, मदरशांच्या पावत्या यांवर हिरवा रंग किती वापरला जातो ते आपण जाणताच. म्हणून हिरव्यावरून होणारे वादही आपल्याच प्रेसमध्ये जास्त. ज्याला तोच हिरवा हवा असेल, त्याने चार शाया मिसळून काढण्याऐवजी त्या छटेची तयार शाई घेऊन वेगळी प्लेट लावावी. आणि सोनेरी रंगाबद्दल तर बोलायलाच नको. जरीची किंवा सोनेरी फॉइलची चमक ही उजेडाच्या कोनाबरोबर बदलणारी असते. पडदा तिच्या जागी फक्त पिवळा-तपकिरी रंग दाखवू शकतो.

जुनी काचेची नळी

आज दुकानांतून दिसेनासे झालेले पेटीसारखे जाड मॉनिटर काचेच्या नळीवर चालत. ही नळी जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ साली तयार केली. नळीच्या मागच्या अरुंद टोकाला इलेक्ट्रॉन सोडणारी बंदूक असे. आतली हवा काढून घेतलेली असे. पुढच्या काचेला आतून फॉस्फर नावाच्या पुडीचा थर दिलेला असे आणि इलेक्ट्रॉन आदळताच तो थर उजळे. मानेभोवती गुंडाळलेल्या तारांच्या चुंबकाने ही धार डावीकडून उजवीकडे, वरून खाली अशी फिरवली जाई. सेकंदाला साठ-सत्तर वेळा पूर्ण पडदा रंगवला जाई आणि डोळ्याला ते एकसंध चित्र वाटे.

या नळीचे गुणदोष तिच्या रचनेतूनच येत. फेऱ्या सेकंदाला साठ असतील तर पडदा थरथरल्यासारखा वाटे आणि डोळे दुखत. पंच्याऐंशी केल्या की आराम पडे. जवळ स्पीकरचे चुंबक आले की कोपऱ्यात रंगाचे डाग उमटत. कडेच्या रेषा वाकत. एकच चित्र महिनोन् महिने ठेवले तर त्याचा ठसा काचेवर कायमचा राही. पण रंगाची खोली आणि काळ्याचा काळेपणा इतका चांगला होता, की सपाट पडदे आल्यावरही कित्येक वर्षे प्रेसवाल्यांनी या नळ्या सोडल्या नाहीत.

आजचा सपाट पडदा

आज दुकानात बहुतेक जे मॉनिटर मिळतात ते द्रवस्फटिकाचे, म्हणजे एलसीडी. हा पदार्थ द्रवासारखा वाहतो, पण त्याचे रेणू स्फटिकासारखे ओळीने उभे राहतात. १८८८ साली फ्रीड्रिख रायनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला त्याचा पहिला पत्ता लागला. पडद्यात वापरण्याजोगी पक्की युक्ती मात्र १९७० च्या सुमारास निघाली.

रचना थरांची आहे. सगळ्यात मागे दिवा. त्याच्यापुढे पोलरायझर नावाची फिल्म. ती प्रकाशाच्या लहरींपैकी एकाच दिशेने हेलकावणाऱ्या लहरी पुढे जाऊ देते, जशी उभ्या गजांची खिडकी उभी पट्टी जाऊ देते पण आडवी अडवते. त्यानंतर दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाचा अगदी पातळ थर. मग लाल, हिरव्या, निळ्या रंगांची गाळणी. सर्वांत पुढे दुसरा पोलरायझर, पहिल्याशी काटकोनात बसवलेला.

दोन पोलरायझर काटकोनात असले की प्रकाश अडतो आणि पडदा काळा दिसायला हवा. पण मधले द्रवस्फटिक प्रकाशलहरींची दिशा वळवते, म्हणून प्रकाश पार होतो. विजेचा दाब कमी-जास्त केला की रेणू आपली जागा बदलतात आणि वळण कमी-जास्त होते. म्हणजे प्रत्येक ठिपक्यापाशी विजेवर चालणारी एक छोटी झडपच बसवलेली आहे. प्रत्येक झडपेला तिचा स्वतंत्र ट्रान्झिस्टर असतो.

या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन कप्पे असतात. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल, म्हणजे ६२,२०,८०० झडपा असतात. यातली एखादी कायमची बंद किंवा उघडी राहिली की पडद्यावर काळा किंवा रंगीत ठिपका दिसतो.

खात्री करायची असेल तर पोलरायझरचा काळा चष्मा डोळ्यांना लावून मॉनिटरसमोर मान कलती करा. एका ठरावीक कोनात पडदा जवळजवळ काळा होईल.

येथे बाजारातला एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. "एलसीडी जुना झाला, आता एलईडी घ्या" असे विक्रेते सांगतात. पण एलईडी म्हणून विकला जाणारा साधा मॉनिटर हा एलसीडीच असतो. फक्त त्याच्या मागचा दिवा बदललेला असतो. पूर्वी तेथे पारा असलेली बारीक ट्यूब असे, आता एलईडी दिवे असतात. त्यामुळे वीज वाचते आणि पडदा पातळ होतो. ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो त्याला ओएलईडी म्हणतात. तो प्रकार वेगळा आणि महाग आहे. त्याचा काळा रंग अस्सल काळा असतो, पण एकच चित्र सतत ठेवले तर ठसा राहण्याचा धोका त्यालाही आहे.

तीन जातींचे पॅनेल

वरून सारखेच दिसणारे मॉनिटर आतून तीन जातींचे असतात आणि किमतीतला फरक बराचसा येथून येतो.

पहिली जात टीएन. स्वस्त आणि चपळ. पण बाजूने किंवा खालून पाहिले की रंग बदलतात, कधी उलटेच दिसतात. बिलिंगला, हिशेबाला चालेल. रंगाच्या कामाला घेऊ नये. कारागीर समोर बसलेला आणि गिऱ्हाईक बाजूला उभे, अशी आपल्या दुकानांची रीत. या पॅनेलवर दोघांना एकाच वेळी दोन वेगळे रंग दिसतात आणि दोघेही खरेच बोलत असतात.

दुसरी जात व्हीए. यात काळा रंग चांगला गडद येतो. कॅमेऱ्याचे चित्र पाहायला, फोटो-व्हिडिओ दाखवायला बरी. बाजूने पाहिल्यास रंग थोडे फिके पडतात.

तिसरी जात आयपीएस. हिताची कंपनीने १९९६ साली ती बाजारात आणली. यात रेणू काचेच्या पातळीतच फिरतात, म्हणून बाजूने पाहिले तरी रंग फारसा बदलत नाही. छपाई, डिझाइन, फोटो, कापड यांच्या कामाला हीच जात घ्यावी. अंधाऱ्या खोलीत तिचा काळा किंचित राखाडी दिसतो, एवढाच तिचा उणेपणा.

चित्र कशाकशाने ठरते

ठिपक्यांची दाटी. इंच मोठे म्हणजे चित्र चांगले, असे नाही. १९२० बाय १०८० चे ठिपके साडेएकवीस इंचात बसवले तर एका इंचात सुमारे १०२ येतात. तेच सत्तावीस इंचांवर पसरले तर सुमारे ८२ उरतात आणि अक्षराच्या कडा खडबडीत होतात. सत्तावीस इंच घ्यायचाच असेल तर २५६० बाय १४४० चा घ्यावा. उर्दू मजकूर जुळवणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. नस्तालीक लिपीत शब्दाच्या मध्ये आलेले बे, पे, ते आणि नून यांचा दात सारखाच; फरक फक्त नुक्त्यांचा. बे ला खाली एक, पे ला खाली तीन, ते ला वर दोन, नून ला वर एक. विरळ ठिपक्यांच्या पडद्यावर दोन नुक्ते एकात मिसळतात आणि दुल्ह्याचे नाव बदलून छापले जाते. तपासणी नेहमी अक्षर मोठे करून करावी.

नेमकी मांडणी. एलसीडीला ठिपके ठरलेले असतात. संगणकाच्या सेटिंगमध्ये त्यापेक्षा कमी आकडा ठेवला तर एका ठिपक्याचे चित्र दीड ठिपक्यावर ताणले जाते आणि सगळे धूसर दिसते. कित्येक दुकानांत चांगला मॉनिटर केवळ या एका सेटिंगमुळे खराब ठरवला जातो. अक्षर लहान वाटत असेल तर हा आकडा न बदलता अक्षराचा आकार वाढवावा.

उजेड. पडद्याची उजळता निट या मापात मोजतात. साधा मॉनिटर पूर्ण उजळला की २५० निटच्या आसपास असतो. दुकानात तो बहुधा पूर्ण उजळूनच ठेवलेला असतो, आणि मग पडद्यावर लख्ख दिसलेले डिझाइन कागदावर अंधारलेले वाटते. छपाईच्या कामाला १०० ते १२० निट पुरतात.

काळे-पांढऱ्यातले अंतर. पांढरा काळ्यापेक्षा किती पट उजळ आहे, त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. आयपीएसमध्ये हे प्रमाण साधारण हजारास एक, व्हीएमध्ये तीन हजारांच्या पुढे असते. खोक्यावर लाखांचे आकडे छापलेले असतील तर ते मागचा दिवा मंद-प्रखर करून काढलेले असतात. त्यावर पैसे खर्च करू नयेत.

रंगांचा पल्ला. प्रत्येक कप्प्याला २५६ पायऱ्या असतील तर एकूण १,६७,७७,२१६ छटा होतात. स्वस्त पॅनेलमध्ये ६४ च पायऱ्या असतात आणि बाकीच्या छटा ठिपके झरझर बदलून भासवल्या जातात. आकाशाच्या फिकट-गडद रंगात पट्टे दिसू लागले तर हे एक कारण असू शकते. शिवाय खोक्यावर एसआरजीबी किती टक्के, ते पाहावे. हे १९९६ सालापासूनचे सर्वसाधारण माप आहे. रंगाच्या कामाला ते शंभर टक्क्यांच्या जवळ असावे.

केबल. जुनी पंधरा पिनांची व्हीजीए केबल चित्र विजेच्या चढ-उताराच्या रूपात नेते. केबल लांब, हलकी किंवा सैल असली की अक्षरामागे सावली पडते, रेषा थरथरतात, एखादी पिन वाकली की अख्खा पडदा पिवळा किंवा गुलाबी होतो. एचडीएमआय आणि डिस्प्ले पोर्ट यांत आकडेच जातात. तेथे केबल बिघडली तर चित्र तुटते, ठिपके चमकतात किंवा पडदा बंद होतो, पण रंग हळूच फिका होत नाही. म्हणून महागड्या केबलने रंग खुलतो, या बोलण्याला फसू नये. एक खोच मात्र आहे. एचडीएमआय जोडल्यावर काळा रंग राखाडी आणि सगळे चित्र धुतल्यासारखे दिसत असेल, तर संगणकाच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये रंगाची मर्यादा 'लिमिटेड' आहे का ते बघावे आणि ती 'फुल' करावी. कित्येकदा एवढ्यानेच पडदा सुधारतो.

खोलीतला प्रकाश. खिडकी पाठीमागे असेल तर तिचा उजेड पडद्यावर पडून काळा फिका होतो. मॉनिटर खिडकीला काटकोनात ठेवावा. दुकानाच्या भिंतीचा भडक रंगही डोळ्याला फसवतो.

वय. मागचा दिवा वर्षानुवर्षे जळून मंद होतो आणि त्याची छटा बदलते. ट्यूबवाले जुने मॉनिटर पिवळसर होतात. म्हणून आज बरोबर असलेला पडदा चार वर्षांनीही बरोबर असेल, असे धरून चालू नये.

खर्च न करता पडदा सुधारावा कसा

एक, मॉनिटर सुरू करून अर्ध्या तासाने रंगाचे काम करावे. दिवा स्थिर व्हायला वेळ लागतो.

दोन, मॉनिटरच्या बटणांतून 'व्हिविड', 'गेम', 'मूव्ही' असे भडक प्रकार बंद करून 'स्टँडर्ड' किंवा 'एसआरजीबी' ठेवावा. पांढऱ्याची छटा ६५०० वर ठेवावी.

तीन, संध्याकाळी पडदा आपोआप पिवळसर करणारी 'नाईट लाईट' सारखी सोय रंगाच्या संगणकावर बंद ठेवावी. दिवसा पसंत केलेला रंग मगरिबनंतर वेगळा दिसतो, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

चार, पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे आणि शेजारी दुकानातल्या नेहमीच्या उजेडात कोरा कागद धरावा. दोघांचा पांढरेपणा आणि उजळता डोळ्याला जवळजवळ सारखी वाटेपर्यंत उजळता कमी करावी.

पाच, आपल्याच प्रेसमध्ये आधी चांगले छापून आलेले एखादे काम घ्यावे, त्याची फाइल उघडावी आणि कागद पडद्याशेजारी धरून पाहावे. कोणता रंग किती सरकतो याची वही ठेवावी. हे सर्वांत स्वस्त आणि भरवशाचे माप आहे. रंगाचे काम मोठे असेल तर पडद्यावर ठेवून रंग मोजणारे यंत्र मिळते. चार-पाच प्रेसवाल्यांनी मिळून एक घेतले तरी भागते.

सहा, पडदा पुसताना आधी बंद करावा. मऊ कोरडे फडके, फार तर पाण्याने किंचित ओले. स्पिरिट किंवा काच पुसण्याचे औषध वापरू नये. वरचा थर उतरतो. पाणी थेट पडद्यावर उडवू नये. ते खालच्या कडेने आत शिरते.

डोळ्यांबद्दलही दोन शब्द. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे होतात. दर वीस मिनिटांनी थोडा वेळ लांब पाहावे. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांची जाहिरात फार होते. पण २०२३ साली कॉक्रेन या वैद्यकीय आढावा घेणाऱ्या संस्थेने झालेले प्रयोग तपासले, तेव्हा अशा चष्म्याने डोळ्यांचा शीण कमी होत असल्याचे दिसले नाही.

जुना मॉनिटर घेताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून जिल्ह्याच्या गावापर्यंत वापरलेल्या मॉनिटरचा मोठा बाजार आहे. कचेऱ्यांतून निघालेले चांगले आयपीएस मॉनिटर निम्म्याहून कमी दामात मिळू शकतात. नव्या कारागिराला तो सौदा फायद्याचा आहे. पण पाहून घ्यावा.

पूर्ण पांढरे, काळे, लाल, हिरवे आणि निळे चित्र एकेक करून पूर्ण पडद्यावर लावावे. पांढऱ्यावर काळे ठिपके, काळ्यावर चमकणारे ठिपके, कडेने झिरपणारा उजेड, पिवळे डाग हे लगेच दिसतात. मोबाइलच्या फोटो गॅलरीतून अशी पाच चित्रे पेन ड्राइव्हवर बरोबर न्यावीत. उजळता निम्म्यावर आणून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पडदा बघावा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवा झपाट्याने चालू-बंद होतो आहे, आणि अशा पडद्यासमोर काहींचे डोके दुखते. बाजूने, वरून पाहून पॅनेलची जात ओळखावी. निदान वीस मिनिटे चालू ठेवावा. गरम झाल्यावरच पॉवर बोर्डाचा बिघाड उघडा पडतो. मागच्या पट्टीवरचा मॉडेल क्रमांक पडद्याच्या मेनूतल्या माहितीशी जुळतो का पाहावे. जुने पॅनेल नव्या डब्यात घालून नवे म्हणून विकण्याचा प्रकार बाजारात आहे.

नवा घेत असाल तर मागच्या पट्टीवर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि 'आर'पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा, पक्के बिल घ्यावे, आणि किती मेलेले ठिपके असतील तर कंपनी बदलून देते ते आधी विचारावे. एका ठिपक्यासाठी बहुधा बदलून मिळत नाही.

आणि जे बांधव स्वतः हा माल विकतात त्यांना आमची विनंती आहे की, डाग, ठिपका, बदललेले पॅनेल जे असेल ते गिऱ्हाइकाला आधी सांगावे. मालातला ऐब लपवून केलेल्या विक्रीत खरेदीदाराला माल परत करण्याचा हक्क शरीअतने दिला आहे. सांगून विकले तर दाम थोडे कमी येतात, पण गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते.

पडद्यावरचे चित्र म्हणजे नमुना नव्हे

आता मूळ वादाकडे येऊ. कितीही चांगला मॉनिटर घेतला तरी पडदा आणि कागद यांत थोडा फरक राहणारच, कारण एक प्रकाश टाकतो आणि दुसरा परत पाठवतो. गिऱ्हाईक घरून मोबाइलवर चित्र बघून "मंजूर" म्हणते तेव्हा तर तिसराच पडदा मध्ये येतो. म्हणून पडद्यावरची पसंती ही मजकूर, मांडणी आणि नक्षीपुरती धरावी. रंगाची पसंती हातात धरता येईल अशा वस्तूवर घ्यावी: छापील प्रूफ, शेड कार्ड, कापडाचा तुकडा, भरतकामाचा छोटा नमुना. त्यावर तारीख घालून दोघांनी सही करावी आणि एक तुकडा आपल्याजवळ ठेवावा. नमुना दिवसाच्या उजेडात आणि दिव्याखाली, दोन्हीकडे दाखवावा. दिव्याखाली जुळणारे दोन रंग उन्हात वेगळे निघू शकतात.

कायद्यालाही हे धरून आहे. १९३० च्या मालविक्री कायद्यातील कलम १७ नमुन्यावरून होणाऱ्या विक्रीबद्दल आहे. तेथे माल दर्जाने नमुन्याशी जुळला पाहिजे असा दंडक आहे. सही केलेला तुकडा जवळ असेल तर कारागीर आणि गिऱ्हाईक दोघेही सुरक्षित. फिक्हमध्ये माल बनवून घेण्याच्या कराराला इस्तिस्ना म्हणतात, आणि त्यातही माल कसा असेल हे आधी स्पष्ट ठरवायला सांगितले आहे, ते भांडण टाळण्यासाठीच. पावतीवर एक ओळ छापून घ्यावी: "पडद्यावरील व प्रत्यक्ष रंगात फरक असू शकतो, रंग सही केलेल्या नमुन्याप्रमाणे." पण ही ओळ निष्काळजीपणाला आडोसा म्हणून वापरू नये. ज्याने प्रूफ दाखवलेच नाही, त्याला ती ओळ शोभत नाही.

भंगारात देताना

आपल्यातील पुष्कळ बांधव भंगार आणि दुरुस्तीच्या धंद्यात आहेत, म्हणून शेवटची सूचना त्यांच्यासाठी. जुन्या नळीच्या मॉनिटरमध्ये रंगीत चित्रासाठी पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास दाब तयार होई. प्लग काढल्यावरही तो दाब नळीत साठून राहतो आणि हात लावणाऱ्याला जबर झटका बसतो. नळीत हवा नसल्याने ती फुटताना काच आत कोसळून बाहेर उडते. तिच्या मागच्या काचेत शिसे असते. जुन्या सपाट पडद्याच्या ट्यूबमध्ये पारा असतो. तांब्याच्या चार पैशांसाठी घरात, मुलांच्या अंगणात हे फोडणे म्हणजे विष घरात आणणे आहे. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून असा माल नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्रांकडेच जायला हवा. गोळा करणाऱ्यांनी मॉनिटर न फोडता, अख्खे साठवून अशा केंद्राला द्यावेत. भाव किंचित कमी मिळेल, पण मुलांच्या अंगात शिसे जाणार नाही.

पुढच्या ऑर्डरच्या आधी एवढे करावे: कोरा कागद पडद्याशेजारी धरून पाहावे आणि जुन्या एका कामाची फाइल उघडून छापील प्रतीशी ताडून पाहावी. दहा मिनिटांचे काम आहे. आपला तराजू किती खरा आहे हे तेवढ्यातच कळेल, आणि इन्शाअल्लाह गिऱ्हाइकाशी होणारे निम्मे वाद दुकानाच्या उंबऱ्याबाहेरच राहतील.